हळूहळू की एकदम?

नकाशे मास्तरांचं खरं आडनाव गावात कुणालाच आठवत नव्हतं. उभी हयात त्यांनी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला आणि काखेत नकाशाची गुंडाळी नसलेले मास्तर कधी कुणी पाहिले नाहीत, म्हणून ते नकाशे मास्तर. निवृत्तीनंतर गुंडाळी सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. मास्तरांनी ऋषींना कधी त्रास दिला नाही, पण नदीला मात्र सोडलं नाही. ती कुठून येते, कुठला काठ खाते, खाल्लेला काठ कुठे नेऊन टाकते, हे ते न विचारणाऱ्यालाही सांगत. दोन गावकरी घाटावर बोलत असले आणि लांबून मास्तर येताना दिसले की एकाला हमखास घरचं काम आठवे.

त्या नदीचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर असा. कधीकाळी दोन राजांनी तह केला आणि तहात लिहिलं, 'सरहद्द नदीच्या मधोमध.' तह करणाऱ्यांपैकी कुणीही नदी पाहिलेली नव्हती. नकाशावर ती निळी रेघ होती, आणि रेघ हलत नाही अशी त्यांची समजूत होती.

मास्तरांच्या तरुणपणापर्यंत नदी गावाला बरंच लांबून वळसा घालून जायची. गावाच्या टोकाला नावाडीआळी होती आणि आळीच्या पलीकडे नदी. मास्तरांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, त्याच आळीतल्या एका नावाड्याच्या घरी दिलं. आईला केवढा आनंद! "लेक डोळ्यांसमोर राहील," ती म्हणायची. "गल्ली ओलांडली की सासर." ताईला माहेरच्या चुलीवर काय शिजतंय तेसुद्धा वासावरून कळायचं.

मग तो मोठा पूर आला. नदीनं वळसा घालायचं सोडलं आणि गाव व आळी यांच्या मधून सरळ वाट काढली. पाणी ओसरलं तेव्हा जुन्या पात्रात वाळू उरली होती, आणि गाव अलीकडे नि आळी पलीकडे झाली होती. सरहद्द नदीच्या मधोमध, त्यामुळे ताई परदेशात गेली. तिनं पाट हलवला नाही की पाळणा हलवला नाही, पण देश बदलला.

गावानं याचं फार दुःख केलं असं कुणी म्हणू नये. त्या वेळचे नगराध्यक्ष तर म्हणाले, "सारखी पाणी द्या, दिवा द्या म्हणून बोंब मारणारी तोंडं गेली. नदीनं आपलं काम हलकं केलं." पलीकडच्या देशालाही आळी आपल्याकडे आल्याचं बऱ्याच उशिरानं कळलं, आणि कळल्यावरही त्यानं काही केलं नाही.

इथपर्यंत भाऊ-बहिणीचं बरं होतं. परवान्यावर ये-जा चाले. पण मास्तरांना नुकतीच नोकरी लागली होती आणि अंगात नवशिक्याचा जोम होता. त्यांनी पोरांसाठी गावाची माहिती देणारं एक छोटं पुस्तक लिहिलं. शिक्षणखात्याच्या साहेबांना खूष करायला त्यात एक वाक्य घातलं : 'नदीपलीकडे परके लोक राहतात व त्यांच्या चालीरीती आपल्याहून वेगळ्या आहेत.' वर शहाणपण असं, की पहिली प्रत ताईच्या हातात दिली. म्हणजे अगदी हात दाखवून अवलक्षण.

ताई माहेरच्या ओट्यावर बसून वाचत होती. वाचता वाचता थांबली.

"बाळ," ती म्हणाली, "परके लोक म्हणजे कोण रे? मी का?"

"अगं ताई, ते भूगोलाच्या दृष्टीनं..."

"आणि चालीरीती वेगळ्या? तुला चालायला कुणी शिकवलं? माझ्या बोटाला धरून चाललास ना तू?"

"ताई, ते पोरांसाठी आहे."

"माझीही पोरंच आहेत." तिनं पुस्तक ओट्यावर पालथं ठेवलं आणि उठली. "आजपासून तुझ्या या गावात मी पाऊल ठेवणार नाही. मरेपर्यंत नाही."

ताईचा शब्द म्हणजे शब्द. चाळीसेक वर्षं झाली, ती आली नाही. नदी काही फार रुंद नव्हती. मास्तर घाटावर उभे राहिले की पलीकडे धुणं वाळत घालणारी ताई दिसे. मास्तरांची बायको हात हलवी आणि ताईही हात हलवी. मास्तरांनी हात हलवला की ताईला नेमकी चादर पिळायची असे.

"वन्संना माझ्याशी काही वैर नाही," बायको म्हणे. "पुस्तक मी नाही लिहिलं."

अशी सगळी वर्षं गेल्यावर एके सकाळी नगराध्यक्ष मास्तरांच्या घरी आले. हे पूर्वीच्या नगराध्यक्षांचे चिरंजीव. बरोबर मिठाई होती, त्यावरूनच बायकोनं ओळखलं की काम अडलेलं आहे.

काम असं होतं. नदीवर मोठा पूल होणार होता आणि पुलाच्या तोंडाशी मालाची कोठारं. त्यासाठी सगळ्यांत सोयीची जागा कुठली, तर नावाडीआळी. ज्या आळीला वडिलांनी हसत हसत वाहू दिलं, तिच्यासाठी चिरंजीवांना आता रात्र रात्र झोप नव्हती. आळी मुळात आपलीच, असा दावा त्यांनी वरपर्यंत नेला होता आणि दोन्ही देशांचा मिळून एक आयोग चौकशीला येणार होता.

"कायदा अगदी सोपा आहे, मास्तर," नगराध्यक्ष म्हणाले. "नदी हळूहळू सरकली असेल तर सरहद्दही तिच्याबरोबर सरकते. मग आळी त्यांची. पण नदीनं एकदम उडी मारली असेल, तर सरहद्द जुन्या जागीच राहते. मग आळी आपली. तुम्ही जाणकार, तुम्ही पूर डोळ्यांनी पाहिलेला. तुम्ही फक्त एक शब्द बोलायचा. एकदम."

"पण तसं ते पूर्णपणे..."

"एकदम!" नगराध्यक्षांनी हात जोडले. "बाकी नदीचं सगळं तुम्ही मला सांगा. मी ऐकतो. कधीही या."

हे आमिष मोठं होतं. नदीचं सगळं ऐकायला तयार असलेला माणूस मास्तरांना आजवर भेटला नव्हता. शिवाय मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. पण बायकोला सांगावी लागत नाही.

"वन्सं गावात याव्यात असं वाटतंय ना?" नगराध्यक्ष गेल्यावर ती म्हणाली. "मग जाऊन माफी मागायची. त्यासाठी दोन देश कशाला हलवता?"

माफी मागण्यापेक्षा देश हलवणं मास्तरांना सोपं वाटत होतं.

आयोग आला. बैठक घेण्यासाठी दोघांनाही चालेल अशी जागा एकच निघाली, ती म्हणजे नदीतला वाळूचा पट्टा. तिथे तंबू ठोकला आणि मधोमध लांब टेबल मांडलं. एका बाजूला या देशाचे साहेब, दुसऱ्या बाजूला त्या देशाचे. प्रत्येक बाजूला एकेक दुभाषा होता, कारण दोन्ही देशांच्या भाषा सरकारी हिशेबानं वेगळ्या होत्या. नदीकाठची माणसं बोलत एकच, पण ते कामकाजात धरता येत नव्हतं.

मास्तर इस्त्रीचे कपडे घालून आले, आणि समोर पाहतात तर पलीकडच्या बाजूची साक्षीदार म्हणून ताई बसलेली. केस सगळे पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ. इतक्या वर्षांनी ती इतक्या जवळ होती की तिच्या चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी त्यांना दिसली. तिलाही तिच्या मामलेदारानं पढवून आणलं होतं. तिनं बोलायचा शब्द होता, हळूहळू.

"ताई, बरी आहेस ना?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

दुभाष्यानं उठून ते पलीकडच्या साहेबांना सरकारी भाषेत सांगितलं. साहेबांनी मान डोलावून साक्षीदाराकडे पाहिलं.

"त्याला म्हणावं, साक्ष द्यायला आलाय ती दे," ताई म्हणाली.

दुसरा दुभाषा उठला आणि म्हणाला, "साक्षीदार आपल्या प्रकृतीबद्दल सध्या काही सांगू इच्छित नाहीत."

मग आयोगाच्या अध्यक्षांनी मास्तरांना विचारलं, "नदीचं पात्र बदललं ते हळूहळू की एकदम?"

एक शब्द होता. मास्तर सकाळपासून तो घोकत आले होते. पण समोर टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि त्यावर नदीचं वळण साफ चुकीचं काढलेलं होतं. भूगोलाच्या मास्तरापुढे चुकीचा नकाशा ठेवणं म्हणजे सुताराला डुगडुगत्या खुर्चीवर बसवण्यासारखंच. बसवतच नाही त्याला.

"त्याआधी हे वळण दुरुस्त करायला हवं," मास्तर म्हणाले आणि उठून नकाशाशी गेले.

पुढं काय झालं ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. वळणाचा बाहेरचा काठ नदी कशी खाते ते त्यांनी सांगितलं. आतल्या काठावर गाळ कसा साचतो, वळणाची मान कशी वर्षानुवर्षं बारीक होत जाते, पुराच्या कितीतरी आधीपासून गावातल्या विहिरींचं पाणी कसं चढत होतं, आपण तरुणपणी काठावर खुंट्या ठोकून ते कसं ताडून पाहिलं होतं, सगळं सांगितलं. साहेब लोक लिहून घेत होते. इतकी माणसं, आणि कुणालाही घरचं काम आठवत नव्हतं! मास्तरांचा आवाज चढला, डोळे चमकू लागले.

"तेव्हा लोक म्हणतात की नदीनं एका दिवसात उडी मारली," ते शेवटी म्हणाले. "पण हा अडाणीपणा आहे. पूर हे निमित्त. नदी कित्येक वर्षं हळूहळू सरकत होती. हळूहळू!"

नगराध्यक्षांनी डोक्याला हात लावला. मास्तर खाली बसले आणि बसल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

पलीकडच्या बाजूला आनंदीआनंद झाला होता. मामलेदार मिशीतल्या मिशीत हसत ताईकडे वळला. आता बाईनं नुसतं 'हो' म्हटलं तरी काम फत्ते होतं.

"बाई, आपण या साक्षीशी सहमत आहात?" अध्यक्षांनी विचारलं.

ताईनं मास्तरांकडे पाहिलं. लहानपणी त्यांनी 'पाऊस येणार' म्हटलं की ती वाळवण घालायची, त्याच नजरेनं पाहिलं.

"हा?" ती म्हणाली. "ह्याच्याशी सहमत? ह्याला काय ठाऊक? पूर आला तेव्हा हा माडीवर बसून पुस्तक वाचत होता. मी होते तिथं. दूध तापत ठेवलं होतं, ते उतू जायच्या आत नदी दारात आली. सकाळी मी आईकडून विरजण घेऊन आले, नि दुपारी आईच्या आणि माझ्या मध्ये हत्ती बुडेल एवढं पाणी! हळूहळू म्हणे! एकदम आली. एकदम!"

"बाई..." मामलेदार पुटपुटला.

"बाई काय? घडलं ते सांगते. हा म्हणतो म्हणून मी हो म्हणू?"

दोन्ही दुभाष्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुठल्याच भाषांतराची गरज कुणाला भासली नाही.

त्यानंतरचे महिने मास्तरांना फार जड गेले. गावात ते फितूर ठरले. वाण्यानं बोलणं सोडलं, न्हाव्यानं केस कापले पण रागानं कापले. नगराध्यक्षांकडे नदीची माहिती सांगायला मास्तर गेले, तेव्हा ते घरी नव्हते. आतून त्यांच्याच खोकण्याचा आवाज येत होता. पलीकडे ताईचीही तीच गत होती. तिच्या अंगणात कुणी पाय ठेवीना. दोन्ही काठांवर एकेक घर वाळीत पडलं, आणि गंमत अशी की दोन्ही घरांत एकाच बापाची लेकरं.

मग निकाल आला. आळी अलीकडच्या देशाला मिळाली होती.

खरं कारण बऱ्याच दिवसांनी आयोगाच्या एका कारकुनाच्या बोलण्यातून निसटलं. दोन्ही राजधान्यांनी आपसांत सौदा केला होता. लांब समुद्रात कुठं तरी मासेमारीचा एक टापू होता, तो पलीकडच्या देशानं घेतला आणि त्याच्या बदल्यात आळी दिली. कुणाचीही साक्ष कुणी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. पण हे कळेपर्यंत गावानं आपला इतिहास तयार केला होता. नावाडीआळीतल्या एका म्हाताऱ्या माउलीनं शत्रूच्या गोटात बसून, जिवाची पर्वा न करता सत्य सांगितलं आणि गावाची जमीन गावाला परत मिळवून दिली, असा तो इतिहास होता. नगराध्यक्ष तो सांगताना गहिवरत.

माउलीचा जाहीर सत्कार ठरला. आमंत्रण घेऊन माणूस गेला आणि हात हलवत परत आला. "मी त्या गावात येत नाही," माउलीनं सांगितलं होतं.

तेव्हा गावच नावांत बसून आळीत गेलं. पुढच्या नावेत नगराध्यक्ष आणि हार होते, मागच्या नावेत वाद्यं होती, आणि सगळ्यांत शेवटच्या नावेत, कुणी बोलावलेलं नसताना, मास्तर आणि त्यांची बायको. नगराध्यक्षांनी दीर्घ भाषण केलं. त्याचा शेवट असा होता : "ताई, तुम्ही आता आमच्या गावच्या झालात!"

ताई उठली. गळ्यातला हार काढून तिनं खुर्चीच्या पाठीवर टांगला.

"मी इथंच नांदले, इथंच पोरं वाढवली, इथंच म्हातारी झाले," ती म्हणाली. "मी कुणाच्या गावात गेले नाही. तुमचंच गाव माझ्या पायाखाली आलंय. आलंय तर बसा. पण पाहुणचार माझ्याकडे नाही, तो तुम्ही करायचा. आळीला नळ नाही, दिवा नाही, दवाखाना नाही, पोरांना शाळा नाही. तो देश म्हणायचा, तुम्ही जुन्या देशाचे. हा म्हणायचा, तुम्ही आता परक्या देशाचे. आता तुम्ही काय म्हणणार ते सांगा, म्हणजे आम्ही जेवायला जाऊ."

आळीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावकऱ्यांनीही वाजवल्या, कारण नळ त्यांच्याही अर्ध्या गावाला नव्हता. नगराध्यक्ष हसले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण त्यांनी ऐकली होती. आज घोडा दिसला.

कोठारं बांधायची तर आळीतली माणसं हलवायला हवीत आणि माणसं हलवायची तर ताईची संमती हवी, हे त्यांना पुढच्या आठवड्यात उमगलं. ज्या म्हातारीला आपण गावाची तारणहार केलं, तिचंच घर पाडायचं कसं? तिच्या सत्काराची छायाचित्रं नगरपालिकेच्या भिंतीवर त्यांनी स्वतः लावली होती. कोठारं अखेर दुसऱ्याच गावाला गेली. पूलही त्यांच्यामागून गेला. आळीतून ताई नगरपालिकेवर बिनविरोध निवडून आली आणि सभांना येईना. मग नियमाला नियम काढून सभाच आळीतल्या होड्यांच्या पडवीत भरू लागल्या. नगराध्यक्ष नावेतून उतरताना दर वेळी एक बूट भिजवून घेत.

नळ आला. दिवेही आले. शाळेसाठी पडवीचीच दुसरी बाजू मिळाली, पण शिक्षक मिळेना. आळीतली पोरं त्या देशाचा इतिहास शिकून आलेली. जी लढाई इकडच्या पुस्तकात आपण जिंकलेली, ती तिकडच्या पुस्तकात त्यांनी जिंकलेली. दोन तरुण शिक्षक आले, त्यांचं पोरांशी वाजलं आणि ते गेले.

एका सकाळी ताईच्या दाराशी नाव लागली आणि काखेत गुंडाळी घेऊन मास्तर उतरले. मागून डबा घेऊन बायको उतरली.

ताई भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"वन्सं, यांना कामाला लावा," बायको म्हणाली. "घरात मला नदी शिकवून शिकवून जीव खाल्लाय. आणि गावात यांच्याशी अजून कुणी बोलत नाही."

"आमच्याकडे लबाड मास्तर नको," ताई म्हणाली.

"ताई," मास्तर म्हणाले, "तंबूत मी खरं बोललो होतो."

"मीही खरंच बोलले होते." ताईनं पातेलं उपडं घातलं. "दोघांचं खरं कसं असेल?"

मास्तर पायरीवर बसले. बायको उभीच होती. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ होतं, पाऊण तास लागेल एवढं होतं. वळणाच्या मानेपासून सुरुवात करावी लागली असती. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते गिळलं.

"असतं तसं कधी कधी," ते म्हणाले.

ताईनं हात पुसले. भावाकडे नीट पाहिलं. मग आत वळून सुनेला हाक मारली, "अगं, चहा टाक. दोन कप जास्त. साखर बेतानंच घाल, ह्याला झेपत नाही."

त्या दिवसापासून मास्तर रोज सकाळी पलीकडे जाऊ लागले. लढाईच्या धड्याला त्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली आणि पोरांना म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, कोण जिंकलं?" पोरं भांडली, आणि भांडता भांडता त्यांनी दोन्ही धडे पाठ केले. आजवर मास्तरांच्या वर्गात असं कधी झालं नव्हतं. मागच्या बाकावर हातात विणकाम घेऊन ताई बसे. मास्तर नदीवर आले आणि बोलत सुटले की तिच्या सुया थांबत.

"बाळ, पुरे," ती म्हणे. "पोरांना भूक लागलीय."